बंद पडलेल्या संगणकाची नाडी

मावळात पाऊस पाहुणा म्हणून येत नाही. चार महिने तो घरधनी होऊन राहतो. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कपाटातील कपड्यांना बुरशी धरते, मिठाला पाणी सुटते, प्रार्थनापुस्तकांची पाने फुगतात. आता याच घरांत संगणकही नांदू लागला आहे. मुलांचा अभ्यास, घरखर्चाचे हिशेब, परदेशी गेलेल्या लेकीची छायाचित्रे, सारे त्याच्या पोटात. आणि ऐन आषाढात तो मध्येच बंद पडतो. कधी निळा पडदा दाखवतो, कधी आपणहून पुन्हा सुरू होतो. घरची मंडळी म्हणतात, ‘यंत्रच ते, त्याचा काय भरवसा!’ आम्हांला मात्र वाटते, की यंत्र लहरी नसते. त्याच्या प्रत्येक पडण्यामागे कारण असते आणि ती कारणे मोजकीच असतात.

एका श्रावणात आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीतील संगणक दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान टाकू लागला. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. आमच्या वह्या कपाटात सुरक्षित होत्या. परंतु त्यांतील नावांची सूची संगणकात होती. त्याच आठवड्यात एक वृद्ध भगिनी आपल्या स्नानसंस्काराचा दाखला मागावयास आल्या. जन्मसाल नक्की ठाऊक नाही, शाळेचा कागद नाही आणि पेन्शनचे काम त्यावाचून अडलेले. सूचीवाचून तो शोध म्हणजे फिकट शाईतील पान न् पान चाळणे!

दुरुस्ती करणाऱ्या एका सद्गृहस्थांनी पेटी न उघडताच निदान केले, ‘मदरबोर्ड गेला, फादर. नवीनच घ्या.’ आमच्या युवक मंडळातील, तळेगावला पदविकेचे शिक्षण घेणारा एक तरुण मात्र म्हणाला, ‘फादर, घाई नको. एका वेळी एकच गोष्ट तपासू या.’ त्या एका वाक्यात दुरुस्तीचे सारे शास्त्र आहे. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

पहिली तपासणी विजेची. लोणावळा व वळवण येथील तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. पण आमच्या खेड्यांत तारेवर एखादी फांदी कोसळली, की दिवे मिणमिणतात. विजेचा दाब असा वरखाली झाला, की संगणकातील एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज वाटून देणारा डबा, डगमगतो व यंत्र एकाएकी विझते. त्यावर उपाय चांगला यूपीएस आणि जाणत्या वायरमनकडून तपासून घेतलेले अर्थिंग. विजा कडाडण्याची चिन्हे दिसताच प्लग काढून ठेवावा. टेलिफोनची व इंटरनेटची तारही विसरू नये, कारण आकाशातली वीज त्याही वाटेने घरात शिरते.

दुसरी तपासणी उष्णतेची. सुरू झाल्यावर थोड्या वेळाने आणि काम वाढताच बंद पडणे हे बहुधा तापण्याचे लक्षण. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले, की तो जळण्यापूर्वी स्वतःलाच बंद करतो. आमच्याकडे ओलसर धूळ पंख्याच्या पात्यांवर गाळासारखी थापून बसते. यंत्र बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशाने ती झाडावी आणि हवेच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

तिसरी स्मृतीची, म्हणजे रॅमची. दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील सोनेरी दात काळवंडतात व जोड सैल होतो. आधी धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, मग पट्टी काढून मऊ खोडरबराने ते दात हलकेच पुसावेत व पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक नावाची चाचणी असते, तीही करून पाहावी.

चौथी हार्ड डिस्कची. डिस्क टकटक वाजू लागली किंवा साधी फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, तर दुरुस्ती मागाहून. आधी महत्त्वाच्या कागदांची नक्कल काढून घ्यावी.

पाचवी आज्ञावलींची. नवा ड्रायव्हर, नवे अपडेट किंवा एखादा व्हायरस आल्यापासून त्रास सुरू झाला काय, हे आठवावे. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून नवे ते काढून पाहावे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कित्येक यंत्रांवर उपाय एवढाच होता, की सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची. निळ्या पडद्यावरील अक्षरेही निरर्थक नसतात. ती लिहून घेतली, तर जाणकाराला दुखण्याची जागा सापडते.

आमच्या संगणकात पंखा धुळीने गुदमरला होता आणि रॅमचे दात काळे पडले होते. तासाभराच्या स्वच्छतेनंतर तो सायंकाळपर्यंत अखंड चालला. सूचीने वही व पान सांगितले. त्या पानावर भगिनींचे नाव होते, मातापित्यांची नावे होती आणि समासात, नियमाप्रमाणे, त्यांच्या विवाहाची नोंदही होती. आपल्या आईच्या नावावरून त्यांनी बोट फिरवले आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, यंत्र बाजारात पुन्हा मिळते. त्यातले मात्र मिळतेच असे नाही. म्हणून जपावयाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, एखाद्या आप्ताकडे असावी. मावळातले शहाणे शेतकरी पाऊस लागण्यापूर्वी छपराची कौले चाळून घेतात. त्याच दिवसांत संगणकातली धूळ झाडावी आणि नकला काढून ठेवाव्यात.