कमावलेला कान

कारंजा घाडग्यात बाबांना सगळे 'पेटीवाले' म्हणत. कार्तिकातला काकडा असो की कोणाकडची तेरवी, भजन असलं की पेटीवर बाबाच. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्या काळी देवीनं गावोगावच्या पोरांची नजर नेली. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला, तोवर बाबांची बोटं पेटीवर मुरली होती.

लोक कौतुकानं म्हणत, "देवानं डोळे नेले, पण कान देल्ले." मला हे बोलणं कधीच पटलं नाही. कान आयते मिळाले असते तर बाबा पौषातल्या पहाटे, घोंगडी पांघरून, एकच पलटा तास तास कशाला घोटत बसले असते?

पेटी जुनीच घेतलेली. पावसाळ्यात तिचं लाकूड फुगे, भाता दमे, रीडच्या पितळी पात्यांवर हिरवट कीट चढे. दुरुस्तीला नागपूरला न्यायची तर एसटीचं भाडं आणि कारागिराची मजुरी, दोन्ही अंगावर येत. म्हणून बाबांनी ते कामही हाताखाली घेतलं. पाती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जास्त घासलं गेलं तर ते पितळ परत येत नाही. दोन पात्या एकत्र वाजवल्या आणि सुरात किंचित फरक असला तर आवाजात लाटा उठतात. फरक कमी होईल तशा त्या संथ होत जातात आणि सूर जुळला की थांबतात. बाबा त्या लाटा ऐकत. एकदा घासायचं, पाती जागेवर बसवायची, भाता मारायचा, ऐकायचं, पुन्हा काढायची. वीज गेली तरी त्यांचं काम चालूच राही. खाली पडलेला स्क्रू शोधायला कंदील मला लागे.

माझ्याकडे वाचनाचं काम होतं. पुस्तकातले स्वर मी मोठ्यानं वाचायचो, बाबा वाजवायचे. मात्रा चुकली तर ते थांबत, "पुन्हा वाच बाबू," म्हणत. आवाज कधी चढला नाही. मला शाळेत सोडायला ते माझ्याच खांद्यावर हात ठेवून येत आणि वाटेत मी वाचलेले स्वर गुणगुणून पक्के करत.

विष्णू दिगंबर पलुस्करांची गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे फटाक्याच्या दारूनं भाजले, नजर अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी वर्षानुवर्षं गाणं घोटलं आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पण बाबांना सगळ्यांत मोठी वाटे ती त्यांनी तयार केलेली स्वरलिपी. ज्याला नीट दिसत नाही, त्यानं इतरांसाठी सूर कागदावर मांडावेत, हे सांगताना बाबांचा गळा दाटून येई. १९३१ साली पलुस्कर गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तोही मोठा गवई झाला. इथं आल्यावर बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत. ते गेले तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. बापाचा इतका सहवास मिळणं हे फार मोठं भाग्य, असं मी मनापासून मानतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला आम्ही तळेगाव, तिवसा ओलांडून गुरुकुंज मोझरीला जायचो. खंजिरीच्या त्या गजरात बसून बाबा एकेका मंडळाची पेटी पारखत. कोणाची 'काळी चार' उतरली आहे, कोणाचा भाता फुटका आहे, ते माझ्या कानाशी सांगत. भजन संपलं की त्या पेटीवाल्याला शोधून काढायला लावत आणि तिथंच बसून पेटी उघडत. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

त्यांच्या शोकसभेत एकानं पुन्हा तेच सांगितलं, की हा कान देवाची देणगी होती. मी उठलो, पेटी मधोमध ठेवली आणि वरची फळी काढली. प्रत्येक पातीवर घासल्याच्या खुणा होत्या, काही टोकाशी, काही बुडाशी, काही दोन्हीकडे. मंडळातली दोन तरुण पोरं पुढं सरकली आणि विचारू लागली, "काका, किती घासलं की किती चढते?" मी एक पाती काढून त्यांच्या हातात दिली आणि सांगायला बसलो.