झेपेमागचा भार

पेकिंग ऑपेरात 'सानचाखौ' नावाचा एक छोटा प्रवेश फार प्रसिद्ध आहे. आडवाटेवरच्या खाणावळीत, मध्यरात्री, मिट्ट काळोखात दोन माणसं लढतात. दोघं खरं तर एकाच बाजूची, पण एकमेकांना ओळखत नाहीत. मधे एक टेबल. एकाची तलवार दुसऱ्याच्या नाकासमोरून सपकन जाते, दुसरा नुसत्या अंदाजानं मान मागे घेतो, चाचपडणारे हात पुढे येतात आणि बोटभर अंतरावरून निसटून जातात. हे सगळं चालू असताना रंगमंचावर दिवे मात्र लख्ख पेटलेले असतात. काळोख असतो तो नटांच्या बोटांत, ताणलेल्या मानेत, टेकण्याआधी थबकलेल्या पावलांत. आपल्याकडे वगात नटानं रंगमंचावर एक फेरी मारली की एक गाव मागे पडतं आणि दुसरं येतं, तशातलाच हा करार. वूशिया या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चिनी तलवारबाजीच्या अद्भुत चित्रपटांविषयी बोलताना हा प्रवेश आधी डोळ्यांसमोर आणावा, कारण त्या चित्रपटांवरचा सगळ्यात सोपा आक्षेप म्हणजे 'माणसं अशी उडत नाहीत'. खरंच आहे, नाही उडत. पण सानचाखौ बघणाऱ्याला अंधार नाही हे जसं दिसत असतं आणि तरी तो श्वास रोखून बसतो, तसंच इथेही घडतं. माणूस उडाला यावर विश्वास ठेवा असं हे चित्रपट म्हणतच नाहीत. त्या माणसाच्या अंगावर किती ओझं होतं ते बघा, असं ते म्हणतात. माझ्या मते या चित्रपटांची खरी कला भार दाखवण्यात आहे. झेप हे त्या भाराचं माप आहे.

या परंपरेची मुळं दोन हजार वर्षांहून जुनी. सिमा चिएन या इतिहासकारानं आपल्या बखरीत राजे आणि सेनापती यांच्या बरोबरीनं मारेकऱ्यांसाठी आणि शब्दाला जागणाऱ्या भटक्या वीरांसाठी स्वतंत्र प्रकरणं लिहिली. इ.स.पू. 227 मध्ये छिन राजाच्या वधाचा प्रयत्न फसलेला चिंग ख त्यातलाच. पुढे थांग काळातल्या अद्भुतकथांमध्ये तलवार चालवणाऱ्या स्त्रिया आल्या, आणि विसाव्या शतकात शांघायच्या वर्तमानपत्री कादंबऱ्यांतून हे सगळं पडद्यावर आलं. 1928 मध्ये 'लाल कमळ मंदिराचं दहन' या चित्रपटाचा पहिला भाग निघाला आणि तीन-चार वर्षांत दीड डझनाच्या आसपास भाग निघाले. आज त्यातलं काहीही उरलेलं नाही. 1931 मध्ये सरकारनं अंधश्रद्धा पसरते म्हणून त्यावर बंदी घातली. माओ दुनसारख्या मोठ्या कादंबरीकारानंही थिएटरातल्या त्या टाळ्या-आरोळ्यांकडे चिंतेनं पाहिलं होतं. न्याय मिळत नाही म्हणून लोक उडत्या तलवारीची वाट बघत बसतात, ही त्याची चिंता होती. ती क्षुल्लक मुळीच नाही. स्वस्त वूशियापटांना ती आजही लागू पडते. पण या प्रकारातल्या मोठ्या दिग्दर्शकांनी उडत्या तलवारीला न्यायाचा शॉर्टकट होऊ दिलं नाही. तलवार जितकी हलकी, तितकं ती धरणाऱ्याचं मन जड, ही मांडणी त्यांनी पुन्हा पुन्हा केली.

यात पहिलं नाव किंग हूचं. बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस 1949 मध्ये हाँगकाँगला आला. लढाईकडे तो नृत्य म्हणूनच बघायचा. 1966 च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये त्यानं नायिका म्हणून चेंग पै-पै हिला घेतलं, ती मुळात नृत्य शिकलेली. मारामारीची आखणी हान यिंगचिएकडे, तो पेकिंग ऑपेरात तयार झालेला. 'अ टच ऑफ झेन' (1971) मधली बांबूच्या वनातली लढाई त्यांनी कशी उभी केली ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. शू फेंगनं साकारलेली यांग एका बुंध्यावरून दुसऱ्या बुंध्यावर झेपावत वर जाते आणि पार उंचावरून शत्रूवर सरळ खाली सूर मारते. ही उडी अखंड अशी कुठेच दिसत नाही. उसळीसाठी ट्रॅम्पोलीन, आणि मग कात्री. वर जाणारं शरीर, पानांची सळसळ, खालून वर वळलेला चेहरा, खाली येणारी तलवार, असे तुकडे. त्यातले काही इतके आखूड की डोळा पकडेपर्यंत संपलेले असतात. आपल्याला उडी दिसत नाही, ती निसटून गेल्याचं दिसतं. तिचा वेग आपल्या नजरेच्या पलीकडचा आहे हे आपण आपल्याच नजरेच्या पराभवातून मान्य करतो. कॅमेरा समोर ठेवून सगळं स्वच्छ दाखवलं असतं तर ती कसरत झाली असती. 1975 मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. मात्र त्या तंत्राची मजा एवढ्यासाठी येते की चित्रपटानं आधी जवळजवळ तासभर एकही तलवार उपसू दिलेली नसते. ओसाड गढी, वाढलेलं गवत, चित्रं काढून पोट भरणारा एक गरीब पंडित, त्याची लग्नासाठी मागे लागलेली आई, आणि शेजारी येऊन राहिलेली एक अबोल मुलगी, म्हणजेच यांग. तिच्या बापाचा सूडबुद्धीनं जीव घेतला गेला आहे आणि ती पळते आहे, हे कळेपर्यंत तिच्या पावलांचं वजन आपल्याला माहीत झालेलं असतं.

अँग लीच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये (2000) हाच विचार आणखी उघडपणे येतो. तलवार चोरीला जाते ती रात्र आठवा. नुसत्या ढोल-ताशांच्या तालावर छपरांवरून पाठलाग सुरू होतो. चोरी करणारी जेन ही बड्या सरकारी अधिकाऱ्याची मुलगी, घरच्यांनी लग्न ठरवलेली. तिच्या मागे शू लिएन, म्हणजे मिशेल यो. जेनची धडपड एकच, वर जायचं. शू लिएनची धडपडही एकच, तिला खाली आणायचं. ती तिला ओढते, धरते, जमिनीवर उतर म्हणून बजावते. तरुण मुलीला या जगाचं काही अंगाला चिकटवून घ्यायचं नाही. थोरल्या बाईनं सगळं अंगावर घेतलेलं आहे. तिचा वाग्दत्त वर मारला गेला, तो ली मू बाई या तलवारबाजाचा मानलेला भाऊ होता, म्हणून ली आणि ती वर्षानुवर्षं एकमेकांवर प्रेम करूनही त्याचा उच्चार करत नाहीत. संवादांतून नंतर कळणारी ही गोष्ट त्या पाठलागात शरीरांनी आधीच सांगून टाकलेली असते. पुढे व्यायामशाळेतल्या द्वंद्वात शू लिएन एकामागून एक शस्त्रं उचलते आणि प्रत्येक शस्त्र जेनच्या हातातल्या त्या अद्वितीय तलवारीपुढे तुटतं. मधेच एक जडशीळ शस्त्र तिला पेलवतच नाही. ते तिलाच खाली खेचतं. जमिनीची ओढ इथेही चालू आहे, हे दिग्दर्शक ऐन रंगात आलेल्या लढाईत विसरत नाही. शेवटी मोडकी तलवार जेनच्या गळ्याशी टेकते आणि थांबते. जिंकणं म्हणजे थांबता येणं, हे जेनला कळत नाही. ती त्या थांबण्याचा फायदा घेऊन शू लिएनच्या दंडावर वार करते.

मग बांबूचं वन. शेंड्यावर ली निवांत उभा आहे, फांदीबरोबर झुलतो आहे. जेन मात्र हेलकावे खाते, घसरते, सावरते. ही दोघं खरोखर क्रेनला टांगलेली होती. संगणकाचं काम मुख्यतः दोर पुसून टाकण्याचं. त्यामुळे शरीर लोंबकळताना पाठीला आणि खांद्याला जो ताण बसतो तो पडद्यावर शिल्लक राहिला, आणि बांबूही खऱ्या वजनानं वाकतो तसा वाकला. मिशेल योच्या गुडघ्याचा अस्थिबंध याच चित्रपटाच्या चित्रीकरणात तुटला. शस्त्रक्रिया करून ती परत कामाला उभी राहिली. तरंगण्याची किंमत हाडामांसानं मोजलेली असते आणि ती नकळत प्रेक्षकापर्यंत पोचते. या अलौकिक माणसाला, झाडाच्या पानावर उभं राहता येणाऱ्या या लीला, समोर बसलेल्या बाईचा हात हातात घ्यायला मात्र सगळं धैर्य एकवटावं लागतं. एका शांत बैठकीत तो तिचा हात धरून गालाशी नेतो, बस्स, तेवढंच. त्या एका हालचालीत जेवढी मेहनत आहे तेवढी साऱ्या उड्डाणांत मिळून नाही.

यावर एक मार्मिक आक्षेप चीनमधून आणि हाँगकाँगमधूनच आला. चित्रपटाला दहा ऑस्कर नामांकनं आणि चार पुरस्कार मिळाले, अमेरिकेत त्यानं सुमारे 12.8 कोटी डॉलरची कमाई केली, पण घरी त्याचं स्वागत त्यामानानं थंड झालं. उडणं त्या प्रेक्षकांना नवीन नव्हतं, लढाया थोड्या वाटल्या, आणि लीच्या भूमिकेतला, कँटनीज बोलणारा चाउ युन-फॅट व मलेशियातली मिशेल यो यांची मँडरिन कानाला खटकली. भाषेचा मुद्दा रास्त आहे. आपल्याकडे एखाद्या पेशवेकालीन नाटकात नटाचा हेल चुकला तर आपणही असेच अस्वस्थ होऊ. मात्र परदेशी प्रेक्षकांना खूश करण्यासाठी हा शोभेचा माल तयार केला, हा आरोप पटत नाही. ही कथा वांग दूलूच्या कादंबरीमालेतली, युद्धकाळातल्या चिनी वाचकांसाठी लिहिलेली. कर्तव्यापायी गिळून टाकलेलं प्रेम हा तिचा गाभा बाहेरून आणलेला नाही. संथपणाचं म्हणाल तर तो किंग हूकडून आलेला वारसा आहे. चित्रपटातली दुष्ट गुरू म्हणून अँग लीनं चेंग पै-पैलाच बोलावलं, यातून त्यानं तो वारसा उघड मान्य केला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. मृत्यू इतका सुंदर करून दाखवावा का? बहुतेक वूशियापटांपाशी याला उत्तर नाही, हे मान्य करायला हवं. रक्ताच्या चिळकांड्या आणि रेशमी बाह्या यांच्यात त्यांना फरक वाटत नाही. पण 'अ टच ऑफ झेन'मधली एक पहाट या आक्षेपाला सामोरी जाते. आदल्या रात्री त्या पंडितानं गढीत भुतांचे सापळे रचलेले असतात. दोऱ्या, बाहुल्या, घंटा असा सगळा थाट. घाबरलेले शिपाई त्यात सापडून मारले जातात. सकाळी पंडित आपल्याच युक्त्यांचं कौतुक करत, मोठमोठ्यानं हसत अंगणातून फिरतो. एक बाहुली दाखवतो, एक दोरी ओढून बघतो, आणखी हसतो. आणि मग प्रेतं दिसायला लागतात. एक, आणखी एक, मग रांगच. हसू त्याच्या तोंडावर विरून जातं. आपणही रात्रभर त्या युक्त्यांना मनातून दाद दिलेली असते, त्यामुळे ती सकाळ आपल्यावरही येते. हिंसेच्या सौंदर्याची झडती घेणारा इतका प्रामाणिक प्रसंग युद्धपटांतही क्वचित सापडतो.

'हिरो' (2002) हा मात्र मला सगळ्यात अवघड वाटणारा चित्रपट. झांग यिमोउनं चिंग खच्या कथेचाच धागा घेऊन ती रंगांमध्ये फिरवली. लाल, निळा, पांढरा, हिरवा, प्रत्येक रंग म्हणजे त्याच घटनेची वेगळी हकिकत. क्रिस्टोफर डॉइलचं छायाचित्रण अप्रतिम. निळ्या भागात एका नितळ सरोवरावर दोन तलवारबाज लढतात आणि एक थेंब उडून, तिथे ठेवलेल्या मृत स्त्रीच्या चेहऱ्यावर पडतो. त्या दोघांतला एक, ब्रोकन स्वॉर्ड, लढाई सोडून तो पुसायला धावतो. एका थेंबाचं वजन संपूर्ण द्वंद्वाहून जास्त ठरतं. इथवर चित्रपट आपल्या परंपरेला जागतो. पण शेवटी मारेकरी राजाला सोडून देतो, कारण साऱ्या भूमीची एकी एका माणसाच्या सूडापेक्षा मोठी, आणि राजा त्याला बाणांनी मारवतो. अनेक समीक्षकांनी याला सत्तेपुढचं लोटांगण म्हटलं. ही टीका टाळता येत नाही. शेवटची पाटी सम्राटाचं गुणगान करते आणि त्याच्या क्रूरतेवर पडदा टाकते. माझं म्हणणं एवढंच की चित्रपटाची चित्रं पाटीशी सहमत नाहीत. बाणांनी गच्च भरलेल्या दारावर मधोमध माणसाच्या आकाराची मोकळी जागा राहते. ती मोकळी जागा त्या एकीची किंमत सांगते. चित्रपटाचा शेवट त्यामुळे निर्दोष ठरत नाही, पण त्याच्या आत भांडण चालू राहतं.

या भांडणाचं खरं उत्तर 13 वर्षांनी तैवानहून आलं. होउ श्याओ-श्येनच्या 'द असॅसिन'मध्ये (2015), ज्याला कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, जवळजवळ कोणी उडतच नाही. शू चीनं साकारलेली यिन्निआंग गुरूच्या आज्ञेवरून एका प्रांताधिकाऱ्याला मारायला येते. तो तिचा नातलग, एके काळी तिच्याशी लग्न ठरलेला. ती रात्री त्याच्या महालात शिरते आणि झुळझुळीत पडद्याआड उभी राहते. मेणबत्त्या थरथरतात, पडदा हलतो. ती कधी दिसते, कधी पडद्यात विरते, आणि तो आपल्या प्रिय स्त्रीशी गतकाळाविषयी बोलत असतो. ती सगळं ऐकते. मारत नाही. 'हिरो'तला मारेकरीही मारत नाही, पण तो सत्तेचं म्हणणं पटल्यामुळे. यिन्निआंग आज्ञा देणाऱ्या सत्तेलाच नकार देते. सगळं कौशल्य असूनही ते न वापरण्याचं ओझं तिच्या उभं राहण्यात आहे, आणि त्यासाठी होउला एकही दोर लागला नाही.

म्हणूनच गेल्या वीसेक वर्षांतल्या संगणकीय वूशियाविषयी मला काळजी वाटते. छन कायगच्या 'द प्रॉमिस'मध्ये (2005) एक दास दोरीनं बांधलेल्या राजकन्येला घेऊन इतक्या वेगानं धावतो की ती पतंगासारखी हवेत उडते. कल्पना विलक्षण सुंदर, पण पडद्यावर दोरीला ताण नाही, पायाखाली जमीन नाही, म्हणून राजकन्येलाही वजन नाही, आणि मग तिच्या नशिबी आलेल्या शापाचंही वजन उरत नाही. यंत्र वाईट असं मी म्हणणार नाही. दोर पुसणारं यंत्र अँग लीनंही वापरलं. पडण्याची शक्यता पुसली जाते तिथे मात्र ही कला संपते. ज्याला या वाटेला लागायचं असेल त्यानं 'अ टच ऑफ झेन'पासूनच सुरुवात करावी, आणि पहिला तास तलवार निघाली नाही म्हणून पुढे पळवू नये. नंतरच्या प्रत्येक झेपेचं भांडवल त्या तासातच जमा होतं.