शर्मिष्ठेची मुले

ययातीची प्रतारणा उघडकीस आली ती मुलांमुळे. शर्मिष्ठेच्या पुत्राचा पिता कोणी ऋषी आहे, असे देवयानीला सांगण्यात आले होते आणि तिने ते मानलेही होते. पुढे एकदा वनात खेळणाऱ्या मुलांना तिनेच विचारले, तुमचा पिता कोण? मुलांनी शेजारच्या राजाकडे बोट दाखवले आणि ती त्याच्याकडे धावली. देवयानीदेखत राजाने त्यांना जवळ केले नाही. मुले रडत आईकडे गेली. शुक्राचार्यांचा शाप अजून दूर होता. पण जबाबदारी टाळण्याचा प्रारंभ इथेच झाला. महाभारतकारांनी हा प्रसंग दोनचार शब्दांत उरकला आहे. अपराधी पुरुषाचे इतके अचूक निरीक्षण मात्र मोठमोठ्या कादंबऱ्यांतही विरळा.

शुक्राचार्यांपुढे तर ययातीने धर्मच आड केला. याचना करणाऱ्या स्त्रीला नकार देणे हे पाप ठरले असते, अशी त्याची भूमिका. म्हणजे घडले ते स्खलन नव्हे, कर्तव्य! अपराधाची जाणीव माणसाला नम्र करते, असा एक भाबडा समज आहे. पुष्कळदा ती त्याला स्वतःचा वकील करते. मग वार्धक्याचा शापही मुलाच्या अंगावर ढकलता येतो.

वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’त राजाला, देवयानीला आणि शर्मिष्ठेला आपापली बाजू सांगू दिली. मराठी वाचकाने मात्र त्यातून भोगवादाचे रूपक तेवढे उचलले. रूपक पटले, की फसवलेली पत्नी काहीशी मागे पडते.

माथेरानला जन्मलेल्या, पुढे बंगळूरवासी झालेल्या आणि २०१९ मध्ये तिथेच निवर्तलेल्या गिरीश कार्नाडांचे कन्नड ‘ययाति’ १९६१ चे. ऑक्सफर्डला जाण्याच्या सुमारास, अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांनी ते लिहिले. साठीच्या खांडेकरांनी भोगणाऱ्याकडे पाहिले. या तरुणाने किंमत मोजणाऱ्यांकडे. महाभारतात नसलेली पुरूची नववधू चित्रलेखा त्याने रंगमंचावर उभी केली. पतीचे तारुण्य ज्याने घेतले त्याने पतीची जागाही घ्यावी, असे ती सासऱ्याला सुनावते. राजा हादरतो. आजवर प्रत्येक प्रश्नाला धर्माचे उत्तर असणारा हा पुरुष इथे निरुत्तर होतो, कारण प्रथमच कोणीतरी त्याचा हिशेब त्याच्याच भाषेत मांडलेला असतो. ती विष घेते.

ययातीने वार्धक्य परत घेतले. ते मागायला चित्रलेखा तेव्हा उरली नव्हती.