सुदेकची खिडकी आणि प्रेरणेचा प्रश्न

कलावंताविषयी बोलताना 'प्रेरणा' हा शब्द आपल्याकडे फार लवकर येतो. कवीच्या आयुष्यात एखादे दुःख सापडले, की कवितेचा उगमच सापडला असे मानून आपण पुढे सरकतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा समज ठळकपणे दिसतो. पण तो त्यांना वर्गातून आणि समीक्षाग्रंथांतूनच मिळालेला असतो. योसेफ सुदेक (१८९६–१९७६) या चेक छायाचित्रकाराच्या कामाकडे आम्ही वळलो ते या समजाची परीक्षा पाहण्यासाठी. कारण इथे जखम अक्षरशः आहे.

सुदेक बोहेमियातील कोलीन या गावचा. प्रागमध्ये त्याने पुस्तकबांधणीचे काम शिकून घेतले. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून कापावा लागला. पुस्तकबांधणी तिथेच संपली. तोवर हौसेपुरता असलेला कॅमेरा आता आयुष्याचा व्यवसाय ठरला. पुढे त्याने प्रागच्या ग्राफिक कलाशाळेत छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतले. १९२६ साली चेक फिलहार्मोनिकमधील वादक मित्रांबरोबर तो इटलीला गेला असता मैफल अर्धवट सोडून बाहेर पडला आणि आपण जखमी झालो ती जागा शोधत राहिला. जागा सापडली, हात अर्थातच सापडला नाही. दोनेक महिन्यांनी तो प्रागला परतला आणि त्यानंतर कधी परदेशी गेला नाही.

चरित्रात्मक समीक्षेला याहून सोयीचा प्रसंग मिळणे कठीण. हात गेला, म्हणून विषाद. विषाद आला, म्हणून धूसर, एकाकी छायाचित्रे. हे समीकरण मांडून मोकळे होता येते. अडचण एवढीच, की त्याने कोणत्या गोष्टी टिपल्या आणि कशा टिपल्या, याविषयी ते काहीही सांगत नाही.

सुदेकच्या कामाचा एक मोठा भाग पोटापाण्याचा होता. एका प्रकाशनसंस्थेसाठी त्याने जाहिराती, काचसामान, पुस्तके, व्यक्तिचित्रे अशी कामे वर्षानुवर्षे केली. याच काळात प्रागचे संत विटस कॅथीड्रल पूर्णत्वाला जात होते. तिथल्या परातींवर, दोरांवर आणि चुन्याच्या ढिगांवर पडणारा उंच खिडक्यांतला प्रकाश त्याने टिपला आणि १९२८ मध्ये तो छायाचित्रसंच प्रसिद्ध झाला. या प्रकाशाशी त्याचे नाते पुढे सुटले नाही.

निर्णायक घटना १९४० सालची. शार्त्रच्या कॅथीड्रलमधील एका पुतळ्याचे जुने, मोठ्या आकाराचे छायाचित्र त्याच्या पाहण्यात आले. ते कॉन्टॅक्ट प्रिंट होते, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले, जराही मोठे न केलेले. दगडाचा पोत त्यात जसा उतरला होता तो पाहून सुदेकने ठरवले, की यापुढे आपणही शक्यतो असेच काम करायचे. या निश्चयाची किंमत ध्यानात घ्यायला हवी. चित्र जेवढे मोठे हवे तेवढीच मोठी निगेटिव्ह, आणि त्या मापाचा अवजड लाकडी कॅमेरा. हे ओझे एका हाताच्या माणसाने तिपाईसकट प्रागभर वाहिले. हातातला छोटा, चपळ कॅमेरा ही त्या काळातील प्रगतीची खूण मानली जात असताना त्याने ही वाट धरली. हाताच्या अभावाची भरपाई करायची असती, तर त्याने हलके साधन निवडले असते.

उयेज्द भागात एका इमारतीमागच्या छोट्या बागेत त्याचा लाकडी स्टुडिओ होता. १९४० ते १९५४ या काळात त्या स्टुडिओच्या खिडकीची त्याने असंख्य छायाचित्रे घेतली. काचेवर साचलेली वाफ, ओघळलेले थेंब, दंव, पलीकडे वाकडे झाड. कधी खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा पेला, एखादे फूल किंवा पाव. नाझींच्या ताब्यातील शहरात बाहेर छायाचित्रे घेणे अवघड झाले होते, हे खरे. परंतु युद्ध १९४५ मध्ये संपले आणि खिडकी पुढे नऊ वर्षे चालूच राहिली. १९४८ नंतरची कठोर राजवट हेही कारण म्हणून पुढे करता येईल. तरीही आजच्या दंवात आणि कालच्या दंवात त्याला कोणता फरक दिसला, हे इतिहास सांगू शकत नाही. ते फक्त चित्रेच सांगतात.

त्याच्या कार्यपद्धतीवर उत्तम प्रकाश टाकणारी आठवण सोन्या बुल्लाटीने नोंदवली आहे. छळछावण्यांतून वाचून आलेली ही तरुणी युद्धानंतर काही काळ त्याची सहायक होती. एकदा कॅथीड्रलखालच्या एका काळोख्या दालनात दोघांनी कॅमेरा मांडला आणि जमिनीवर बसून गप्पा सुरू केल्या. अचानक सुदेक विजेच्या वेगाने उठला. एका झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली होती. मग दोघांनी फडकी झटकून जुनी धूळ उडवली, कारण धुळीशिवाय प्रकाशाची वाट दिसली नसती. ऊन तिथे वर्षातून दोन-तीनदाच पोचते, हे त्याला बहुधा आधीच ठाऊक असावे, असे तिला वाटले.

मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा उल्लेख केला; पण ही तीन वेगळी कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण, असेही बजावले. आपण शिकवताना पहिली दोन अक्षरे मोठी करतो आणि उरलेले टिपणापुरते ठेवतो. त्या दालनात प्रकाश अवचित आलाच नाही. कधी येणार हे जाणणे ही निपुणता, तोवर तिथे बसून राहणे हा अभ्यास, आणि धूळ उडवली पाहिजे हे त्या क्षणी सुचणे ही शक्ती. यांतले एक वगळले तरी चित्र हाती लागत नाही.

सुदेकची जखम खोटी नव्हती; इटलीतले ते दोन महिने तिची साक्ष देतात. पण जखमा त्या युद्धात लाखोंना झाल्या. खिडकीसमोर चौदा वर्षे काम करणारा हा एक होता. तेव्हा 'या कलावंताची प्रेरणा कोणती?' असे विचारण्याऐवजी 'हा दररोज काय करीत होता?' असे वर्गात विचारून पाहावे, असे आम्हांला वाटते. केशवसुतांपासून मर्ढेकरांपर्यंत कोणत्याही कवीला हा प्रश्न लावता येईल. त्याचे उत्तर चरित्रातल्या एका प्रसंगावर भागणार नाही. त्यासाठी खर्डे, पाठभेद आणि कविता पुन्हा उघडाव्या लागतील.