एका तापाची दोन कारणे

दक्षिण कोरियात शरद ऋतू हा भातकापणीचा आणि चुसोक सणाआधी पूर्वजांच्या थडग्यांवरील गवत काढण्याचा काळ असतो, आणि गवतात वाकून राबणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांना याच दिवसांत दोन निरनिराळ्या चिमुकल्या जीवांचा दंश होऊ शकतो. त्यांपैकी गोचीड ही 'एसएफटीएस' या रोगाचा विषाणू वाहते. तीव्र ताप आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींची घट ही त्याची लक्षणे असून चीनमधील संशोधकांनी हा विषाणू 2011 मध्ये जगापुढे मांडला. दुसरा जीव म्हणजे माइट या गोचिडीच्या दूरच्या नातलगाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी; तिच्या दंशातून शरीराच्या पेशींत शिरून वाढणारा जिवाणू येतो आणि स्क्रब टायफस होतो.

दोन्ही रोगांत ताप, अंगदुखी, मळमळ आणि प्लेटलेटची घट दिसते; उपचार मात्र अगदी वेगळे आहेत. स्क्रब टायफसचा ताप डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने बहुधा दोन दिवसांत उतरतो, तर एसएफटीएसवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. कोरियातील डॉक्टरांनी हे दोन्ही संसर्ग एकाच रुग्णात एकाच वेळी नोंदवले आहेत, आणि रोगनिदानाची खरी कसोटी इथे लागते. काखेत किंवा जांघेत, अळीच्या दंशाच्या जागी, न दुखणारी काळी खपली सापडली की स्क्रब टायफसचे निदान जवळजवळ पक्के होते. पण कारण सापडल्याचे हे समाधानच दुसऱ्या कारणाचा शोध थांबवते, आणि औषध देऊनही ताप उतरत नाही तेव्हा मौल्यवान दिवस हातचे गेलेले असतात. याच्या उलट चूकही घडते: जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने रोगाविरुद्ध तयार केलेली प्रथिने, रक्तात दीर्घकाळ टिकत असल्याने केवळ त्यांवरून जोडसंसर्ग ठरवता येत नाही, त्यासाठी जंतूचा जनुकीय अंश शोधावा लागतो.

कोरियातील एसएफटीएस विषाणूची मुख्य वाहक गोचीड ज्या हीमाफायसॅलिस गटातली, त्याच गटातली दुसरी गोचीड कर्नाटकात 1957 मध्ये आढळलेल्या क्यासनूर जंगल रोगाचा, म्हणजे माकडतापाचा, प्रसार करते. हा रोग पुढे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांपर्यंत पोहोचला. माकडताप प्रामुख्याने हिवाळा-उन्हाळ्यात, तर स्क्रब टायफस पावसाळ्यात आणि त्यानंतर बळावतो, त्यामुळे दोघांची गाठ कमी पडते. तरीही हंगामावर पूर्ण विसंबणे धोक्याचे ठरेल. काजूच्या बागेतून तापाने फणफणत आलेल्या रुग्णाचे रक्त माकडतापाच्या तपासणीस पाठवताना त्याच्या अंगावरची खपलीही शोधायला हवी, आणि स्क्रब टायफसचा संशय आल्यास अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करायला हवे.