टेकडीवर आळ

पहाटे पलंगावरून पाय खाली टेकवला की डाव्या टाचेत खिळा घुसतो. न्हाणीघरापर्यंत भिंत धरूनच जावं लागतं. चहाचं आधण उकळेपर्यंत मात्र दुखणं जवळजवळ नाहीसं होतं, आणि घरातले उठतात तेव्हा मी तुरुतुरु चालत असते. त्यामुळे माझी टाच दुखते यावर घरात कुणाचा विश्वास नाही.

अशी टाच घेऊन पुन्हा टेकडी चढायला लागावं का, हा फाल्गुनातला माझा प्रश्न. टेकडी सुटली ती गेल्या पावसाळ्यात. आधी मुरूम निसरडा म्हणून, मग दिवाळीचे पाहुणे म्हणून, मग थंडी म्हणून. टाच दुखायला लागल्यावर तर कारण शोधायचीही गरज उरली नाही. पण होळीच्या सुमारास लॉ कॉलेजच्या मागची टेकडी गिरिपुष्पाच्या फुलांनी फिकट गुलाबी होते. झाड परदेशी आहे, वनखात्यानं लावलेलं आहे, सगळं खरं. तरी पानं गाळून नुसतं फुलांवर उभं असतं तेव्हा घरात बसवत नाही. शिवाय मार्चमध्ये पुण्यात पहाटे १५-१६ अंश आणि दुपारी ३५च्या पुढे, म्हणजे जायचं तर सकाळीच जायचं. आणि टाच भांडायला उठते तीही नेमकी सकाळीच.

गेले. चढताना टाच गप्प बसली, दमानं मात्र जीव काढला. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं चालावं, असं कुठंतरी वाचलं होतं. मला दोन्ही जमेना. शेजारून सत्तरीचे एक काका मोबाइलवर मोठ्यानं शेअर बाजाराची चर्चा करत चढून गेले.

उतरताना गुडघ्यांची पाळी आली. सुटा मुरूम बुटाखालून सरकतो, मग आपण बोटं आवळून, गुडघे वाकवून, अंग चोरून उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच दुखलं नाही, म्हणून मी खूश. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा भरून आल्या की कठड्याला लोंबकळत खाली आले. कट्ट्यावर हे सांगितल्यावर ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ असं निदान झालं. ते तर व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात निघून जातं, हे मला पुढं कळलं. उतारावर मांडीचा स्नायू लांबत लांबत आपलं वजन तोलत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं.

कट्ट्यावरच्या सल्ल्यांची तर गंमतच. एका काकूंनी काशाच्या वाटीनं तळपाय घासायला सांगितलं. दुसऱ्या म्हणाल्या, दवावर अनवाणी चाल. मार्चमध्ये टेकडीवर दव कुठून आणू? एक निवृत्त गृहस्थ रोज उलटे चालतात. त्यांनी मलाही उलटं चालायला सांगितलं आणि बोलता बोलता स्वतः एका कुत्र्यावर आदळले. आणि रोजची दहा हजार पावलं सगळ्यांनाच पाठ. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला आहे. कुणा डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे, हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिनं माझा अंगठा वर ओढून धरला आणि टाचेच्या आतल्या बाजूला असं बोट दाबलं की मी ‘आई गं’ म्हणून ओरडले. “इथंच ना काकू?” ती शांतपणे म्हणाली. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक चिवट पट्टा असतो. रात्री पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. एक्स-रेमध्ये टाचेला काटा वाढलेला दिसत होता, त्याला मी धसकले होते. ती म्हणाली, असा काटा असूनही न दुखणाऱ्या टाचा पुष्कळ असतात.

तिनं टेकडी बंद केली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. पलंगावरून उतरण्याआधी बोटं हातानं स्वतःकडे ओढून धरायची. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत. पायरीच्या कडेवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच सावकाश उचलायची, सावकाश खाली न्यायची. चालताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसावं. त्यासाठी रोज पहिल्या पावलाला शून्य ते दहामधले मार्क द्यायचे आणि आदल्या दिवशी काय केलं तेही लिहायचं. दुधाच्या हिशेबाच्या डायरीत मी हा रकाना आखला.

आणि घरात चप्पल घालायची. टाचेला उशी असलेली, मऊ. हे औषध सगळ्यांत कडू निघालं.

“स्वयंपाकघरात चपला?” सासूबाई म्हणाल्या. आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. बाहेर कधीही न घातलेल्या, कोऱ्या आहेत, हे सांगून झालं. “चप्पल ती चप्पलच,” म्हणाल्या. शेवटी ओट्यापुढे जाड पायपुसणं दुमडून टाकलं. ते फरशीवरून सरकतं, पण त्याला कुणी पायताण म्हणत नाही.

डायरीतले आकडे हळूहळू उतरायला लागले. टेकडीच्या दुसऱ्या दिवशी तीन, कधी चार. दम आधी परतला, मांड्यांनी त्याच्या मागोमाग तक्रार सोडली, टाच मात्र आपल्या वेळेनं बरी होत होती. मी फुशारकीनं पांगाऱ्याचे फोटो भावंडांना पाठवायला लागले.

पाडव्याला टेकडीवर गेलेच नाही. पहाटे गुढी, मग पुरण शिजवणं, वाटणं, मग कटाची आमटी, आणि दीड वाजेपर्यंत पोळ्या. पायपुसणं पाहुण्यांसाठी दारात गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला डोळ्यांत पाणी आलं. आठ मार्क.

तेव्हा मी डायरी मागं उलटून पाहिली. दुसरा मोठा आकडा होता हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी. तिसरा, गॅस दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहत दुपारभर स्टोव्हपाशी उभी होते त्याच्या दुसऱ्या दिवशी. टेकडीचा म्हणून एकही आकडा पाचाच्या वर नव्हता. फिजिओथेरपिस्टला नवल वाटलं नाही. कडक फरशीवर तासन्‌तास एका जागी उभं राहणं हे या दुखण्याचं जुनंच कारण आहे म्हणे. “काकू, चालताना निदान पाय वाकतो तरी,” ती म्हणाली.

घरात मात्र आठ मार्कांचं खापर टेकडीवरच फुटलं होतं. “सांगत होतो, या वयात डोंगर चढू नकोस,” हे म्हणाले. मी डायरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि गेल्या महिन्यात दूधवाल्यानं दोन लिटर जास्त लावल्याचं शोधून काढलं.

अक्षय्य तृतीयेला पोळ्या ओट्यापाशी होणार नाहीत, असं मी जाहीर केलंय. जेवणाच्या टेबलावर पोळपाट येईल, मी बसून लाटीन, तव्यापाशी हे उभे राहतील. सासूबाईंना टेबलावरचं लाटणं पसंत नाही, पण मुलगा तव्यापाशी कसा उभा राहतो ते त्यांना बघायचंय.