सुईची अर्धी खाच

विमानाच्या मॉडेलचं छोटं इंजिन माझ्या हातून नीट सुरू होतं आणि टाकी संपेपर्यंत न अडखळता चालतं, याचं श्रेय माझं नाही. ते पुण्यात एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्हाला एरोमॉडेलिंग शिकवणाऱ्या सरांचं आहे. सर आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस राहून गेलं होतं.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा इंधनाविषयी माझी एकच समजूत होती : नायट्रोमिथेन जितकं जास्त, तितकी ताकद जास्त. सरांनी वाद घातला नाही. मला मिश्रण करायला बसवलं. ८० भाग मिथेनॉल, २० भाग एरंडेल, नायट्रो अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या काही गटांना हेच प्रमाण नियमाने बांधून दिलेलं आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं.

ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेतून, ज्वलनाच्या उष्णतेत ती लाल राहते. म्हणून तिथे पेट्रोल चालत नाही. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. थोडं घातलं तर ताकद वाढते, मंद गतीही स्थिर राहते. पण सरावाच्या साध्या इंजिनाला त्याची फारशी गरज नसते. एरंडेल मात्र मला फुकट जाणारं वाटायचं, कारण बरंचसं तेल धुरासोबत बाहेर पडून पंखावर साचायचं. सर म्हणाले, "अरे, या इंजिनाला तेलाचा वेगळा साठा नाही. इंधनातून मिळेल तेवढंच तेल त्याच्या वाट्याला येतं." इंजिन जास्त तापलं तरी एरंडेल धातूला धरून राहतं. त्याची तपकिरी पुटं चढतात, ती साफ करावी लागतात. पण पिस्टन वाचतो.

खरी शिकवण सुईची होती. इंधन कमी-जास्त करणारी ती सुई मी आवाज सर्वांत तीक्ष्ण होईपर्यंत आवळायचो, कारण कानाला तोच जोर वाटायचा. सर काही न बोलता अर्धी खाच मागे फिरवायचे. मग इंधनाची नळी बोटांत क्षणभर चिमटायचे. आवाज किंचित चढला, तर सुई बरोबर. न चढता इंजिन लगेच दबलं, तर इंधन आधीच कमी पडतंय. विमान हवेत गेलं की प्रोपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि हवेच्या मानाने इंधन आणखी कमी पडतं. जमिनीवर ताणलेलं इंजिन वर जाऊन तापतं, ते यामुळेच.

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून सर डबा कधी उघडा ठेवू देत नसत. पावसाळ्यात तर झाकण दोनदा तपासून घेत. दिवस संपला की टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन इंजिनातच जाळून टाकायचं आणि तेलाचे थेंब सोडून प्रोपेलर हाताने फिरवायचा. यातून कोणाला सुटका नव्हती.

पुढे नोकरीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळले. यंत्र पूर्ण ताणावर चालवायचं नाही, थोडी सवड ठेवायची, आधी कान द्यायचा आणि मग पाना उचलायचा, ही सवय सरांकडे शिकतानाची. वरिष्ठांनी जे माझं कसब मानलं, ते मुळात सरांचं होतं. आता मुलं शिकायला येतात, तेव्हा त्यांनाही मी आधी मिश्रणालाच बसवतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सरांच्या वतीने एवढंच सांगतो : आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत तेलाचं प्रमाण किती सांगितलंय ते आधी वाचा आणि त्याहून कमी कधी करू नका. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि सुई अर्धी खाच मागे ठेवा.